विचारणे आणि कळविणे



आपल्या संस्थेची वार्षिक स्मरणिका धम्मबांधव आणि भगिनींच्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. वर्षभरातील कार्यक्रमांचा वृत्तांत, मुलामुलींचे लेखन आणि मान्यवरांचे विचार आतील पानांत आहेतच. संपादकीयासाठी मात्र आम्ही या वर्षी असा विषय घेतला आहे की, जो प्रथमदर्शनी आपल्या घरादारापासून फार दूरचा वाटावा. आदिवासींच्या भूमीतून तेलाच्या आणि खनिजाच्या वाहिन्या जातात, सरकारे त्यांच्या पाठीशी उभी राहतात. त्या भूमीवरच्या माणसांना खरोखर काही विचारले जाते काय, हा तो विषय होय.

आर्नहेममध्ये राहणाऱ्या आपणा सर्वांना एक अनुभव आहे. रस्त्याकडेचे एखादे जुने झाड तोडावयाचे असले, शेजाऱ्याला घरावर मजला चढवावयाचा असला, तरी परवान्याची बाब नगरपालिका जाहीर करते आणि ज्याला बाधा पोहोचते त्याला सहा आठवड्यांच्या आत हरकत नोंदविता येते. येथून थोड्याच अंतरावर, नायमेगेनसमोरच्या लेंट येथे वाल नदीला पुरात पसरण्यास जागा मिळावी म्हणून बांध सुमारे ३५० मीटर आत सरकविण्यात आला आणि त्यापायी सुमारे ५० घरे उठली. तेथील लोकांनी प्रथम विरोध केला, वर्षानुवर्षे चर्चा झाली, नुकसानभरपाई ठरली आणि मग २०१५ च्या सुमारास ते काम पुरे झाले. सारेच समाधानी झाले असे नव्हे. परंतु आपल्याला विचारण्यात आले, ही जाणीव माणसाला नागरिक बनविते.

आपल्या वाडवडिलांना ही जाणीव कोणी होऊ दिली नव्हती. मेलेली जनावरे कोणी ओढावीत, सरकारी निरोप कोणी पोहोचवावेत, पाणवठा कोणाचा आणि कोणाचा नाही, हे ठरविताना महारवाड्याला कोणी विचारीत नसे. महारवाड्याला केवळ कळविले जाई. आणि यातील क्रूर विनोद असा की, गावाला कळविण्याची दवंडीसुद्धा आपल्याच आजोबा-पणजोबांनी पिटावयाची! विचारणे आणि कळविणे यांतील अंतर म्हणजेच नागरिक आणि वेठबिगार यांतील अंतर होय. हे अंतर ज्यांना पुस्तकातून नव्हे तर पिढ्यांच्या अनुभवातून ठाऊक आहे, त्यांनी आज ते दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ओळखावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रथम कॅनडाचे उदाहरण घेऊ. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तेथे आहेत. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बर्नाबी येथे डोंगरावर सायमन फ्रेझर विद्यापीठ आहे आणि त्याच्या ग्रंथालयात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अर्धपुतळा आहे. त्याच डोंगराच्या उतारावर खनिज तेलाच्या प्रचंड टाक्या आहेत. अल्बर्टातील एडमंटनहून सुमारे १,१५० किलोमीटर दूर येणारी ट्रान्स माउंटन तेलवाहिनी तेथे येऊन पोहोचते. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीला जोडवाहिनी टाकून तिची क्षमता दररोज ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजार पिंपांवर नेण्याचे ठरले. विरोध वाढला, खासगी मालकाने माघार घेण्याची भाषा केली, तेव्हा मे २०१८ मध्ये कॅनडा सरकारनेच ती वाहिनी साडेचार अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. ज्याने निष्पक्षपणे विचारावयाचे तोच मालक झाला!

३० ऑगस्ट २०१८ रोजी तेथील संघराज्य अपील न्यायालयाने या विस्ताराची मंजुरी रद्द केली. त्स्लेल-वॉटुथ, स्क्वॉमिश आदी मूलनिवासी राष्ट्रांनी दाद मागितली होती. न्यायालयाचा एक मुख्य आक्षेप असा होता की, सल्लामसलतीच्या शेवटच्या टप्प्यात सरकारी प्रतिनिधींनी लोकांचे म्हणणे टिपून घेण्यापलीकडे फारसे काही केले नाही. अर्थपूर्ण संवाद असा झालाच नाही. सरकारने पुन्हा बोलणी केली आणि जून २०१९ मध्ये पुन्हा मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने या वेळची सल्लामसलत पुरेशी ठरविली आणि सांगितले की, सल्ला घेण्याचे कर्तव्य म्हणजे नकाराधिकार नव्हे. १ मे २०२४ रोजी विस्तारित वाहिनी सुरू झाली. तोवर विस्ताराचा खर्च सुमारे ३४ अब्ज डॉलरांवर गेला होता. वाटेवरील कित्येक मूलनिवासी समुदायांनी लाभाचे करार करून संमती दिली, हेही नमूद केले पाहिजे. ती त्यांची स्वतंत्र निवड होती व तिचा आदर केला पाहिजे. परंतु ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नाही, त्याच्या ‘हो’ला किती वजन, हा प्रश्न त्या निकालानंतरही शिल्लक राहतो.

आता आपल्या भूमीकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांदा येथे, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, हजारोंना दीक्षा दिली. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातूनच १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आम्ही ज्या सूरजागडाविषयी लिहीत आहोत, तो डोंगर त्या ऐतिहासिक जिल्ह्याच्याच जंगलात उभा आहे. एटापल्ली तालुक्यातील हा डोंगर उत्तम प्रतीच्या लोहखनिजाने भरलेला आहे. तेथील माडिया गोंड या आदिम जमातीसाठी तो ठाकूरदेवाचे ठिकाण असून दर वर्षी जानेवारीत तेथे यात्रा भरते.

२००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला तेथे सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. हा भाग सशस्त्र संघर्षाचा. नक्षलवाद्यांनी २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यासह काही जणांना ठार केले, २०१६ च्या डिसेंबरात कित्येक वाहने जाळली. ही हिंसा बुद्धाच्या अनुयायांना कदापि मान्य होणार नाही. तिचे सर्वाधिक मोल माडिया माणसाने मोजले आहे. एका बाजूची बंदूक त्याला खबऱ्या म्हणते, दुसऱ्या बाजूची बंदूक नक्षल समर्थक म्हणते, आणि त्याचे स्वतःचे म्हणणे दोन्हींच्या आवाजात बुडून जाते.

२०२१ नंतर उत्खनन जोमाने सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर जाण्याच्या प्रस्तावावर २७ ऑक्टोबर २०२२ रोजी जनसुनावणी झाली. ती कोठे झाली? खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हा मुख्यालयात! २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत अशी सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. जंगलातील पाड्यावरून निघून, मजुरी बुडवून, मराठीही जेमतेम समजणाऱ्या माडिया स्त्रीने त्या सभागृहात येऊन टनांच्या आणि धूलिकणांच्या आकड्यांवर मत द्यावे, अशी ही व्यवस्था. २०२३ मध्ये विस्ताराला मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये त्याहूनही मोठ्या विस्ताराचा मार्ग मोकळा झाला. आणि जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटर लांबीची वाहिनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते सुरू झाली. लोहखनिजाची बारीक पूड पाण्यात कालवून ती या नळातून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीच्या कारखान्याकडे वाहते. कॅनडातील तेल आणि गडचिरोलीतील लोखंड यांत फरक असेल. त्यांमागे उभ्या असलेल्या सरकारांच्या उत्साहात फारसा फरक नाही. मुख्यमंत्र्यांनी या जिल्ह्याचे पालकमंत्रिपद स्वतःकडे घेतले असून गडचिरोलीला पोलादाचे केंद्र करण्याचा शासनाचा निर्धार वारंवार जाहीर झाला आहे.

याच काळात सीमेलगतच्या तोडगट्टा येथे काय घडले? आणखी खाणी आणि त्यांच्यासाठीचे रस्ते आमच्या संमतीवाचून नकोत, असे म्हणत सुमारे ७० गावांतील माडिया स्त्री-पुरुषांनी ११ मार्च २०२३ पासून ठिय्या दिला. त्यांच्या हातात पेसा आणि वनहक्क हे दोन कायदे होते. उन्हाळा, पावसाळा असे अडीचशेहून अधिक दिवस ते बसून राहिले. २० नोव्हेंबर २०२३ रोजी पोलीस कारवाईनंतर ते आंदोलन संपुष्टात आले. सहा दिवसांनी देशभर संविधान दिन साजरा झाला.

येथे कायद्याची थोडी उकल करणे आवश्यक आहे, कारण लबाडी बहुधा शब्दांच्या फटीत लपते. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादण्यापूर्वी ग्रामसभेचा अथवा पंचायतीचा सल्ला घ्यावा लागतो. वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांचा पट्टा देण्यापूर्वी त्यांची शिफारस बंधनकारक आहे. परंतु लोखंड हे प्रमुख खनिज. त्याच्या पट्ट्यासाठी तशी शिफारस या कायद्यात नाही. म्हणजे ओढ्यातील वाळूसाठी गावाला विचारावयाचे आणि अख्ख्या डोंगरासाठी नाही! २००६ च्या वनहक्क कायद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली आणि वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभांची संमती हवी, असे केंद्राने २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. ओडिशातील नियमगिरीच्या खटल्यात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. मात्र २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता राज्याकडे नंतर, असा क्रम लावला. आधी ठरवावयाचे आणि मग विचारावयाचे, यालाच आम्ही कळविणे म्हणतो.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात येथे एक रास्त शंका उभी राहील. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्यावर कठोर टीका केली होती; गाव म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर, असे त्यांचे मत होते. मग त्यांच्या अनुयायांनी ग्रामसभेची बाजू कशी घ्यावी? आमचे उत्तर असे की, बाबासाहेबांनी ज्या गावाचा धिक्कार केला, त्या गावात आपण गावकुसाबाहेर होतो. बहुसंख्य सवर्णांच्या गावाला सत्ता देणे म्हणजे आपल्याला त्यांच्या तावडीत देणे, हे त्यांनी ओळखले. त्यांचा आक्षेप माणसांनी एकत्र बसून निर्णय घेण्याला नव्हता. ज्या सभेत दुबळ्याला जागा नाही त्या सभेला होता. पेसा कायदा तर एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र ग्रामसभा मानण्याची वाट देतो. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, वनहक्क कायद्यात आदिवासींखेरीज इतर वननिवासींना, म्हणजे जंगलालगतच्या आपल्या बौद्ध कुटुंबांनाही, तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या नावाने कधी कागदच झाला नाही, त्यांनी कागद कोठून आणावा? म्हणून आमचा आग्रह ग्रामसभेसाठी आहे आणि त्या ग्रामसभेतील दुबळ्यांसाठी, स्त्रियांसाठी, अल्पसंख्यांसाठीही तितकाच आहे.

आणि सभेचे नियम आपल्याला नवे नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला आठवण करून दिली की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्षुसंघाला ठाऊक होते. विनयाची ती पद्धत आठवून पाहा. संघाचे कर्म ठरलेल्या सीमेच्या आतच व्हावयाचे. सीमेतील प्रत्येक अधिकारी भिक्षूने उपस्थित राहावयाचे. जो आजारी असेल त्याने आपला छंद, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी पाठवावयाची. प्रथम ञत्ती मांडावयाची. महत्त्वाच्या कर्मात ती मांडल्यावर तीन वेळा पुकारा करावयाचा. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. मौन म्हणजे संमती खरी, पण ती कधी? सर्वांना बोलावल्यावर, त्यांना कळेल अशा भाषेत तीनदा विचारल्यावर, आणि बोलणाऱ्याला भय नसताना. जेथे संघ अपूर्ण, तेथे कर्म अवैध. या कसोटीवर शंभर किलोमीटर दूरच्या जनसुनावणीला काय म्हणावे? सीमेबाहेर झालेले, अपूर्ण संघाचे ते कर्म होय; आणि तेथील मौनाला संमती म्हणता येत नाही.

ही कल्पना केवळ प्राचीन नाही. गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड गाव आहे. तेथे अभ्यासगटात आधी विषयाची माहिती घेतात, मग ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत बोलतात. २००९ मध्ये त्या गावाला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकून गावाने विकास करून दाखविला. विचारलेले गाव नेहमी ‘नाही’च म्हणते, या समजुतीला मेंढा-लेखा हे उत्तर आहे.

आपण ज्या देशात राहतो, त्याच्याही इतिहासात हा धडा आहे. आपले अनेक शेजारी मूळचे सुरीनामचे. तेथे नेदरलँड्सच्या अंमलाखाली असतानाच ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज मिळावी म्हणून आफोबाका धरण बांधले गेले. १९६४ मध्ये पाणी चढू लागले आणि सुमारे ६,००० सारामाका लोकांची गावे बुडाली. सारामाका म्हणजे मळ्यांतील गुलामगिरीतून पळून जंगलात स्वतंत्र झालेल्या माणसांचे वंशज. १७६२ मध्ये डचांनी त्यांच्याशी तह केला होता. दोनशे वर्षांनी त्यांना साधे विचारलेही गेले नाही. त्याच सारामाकांनी पुढे लाकूडतोड आणि खाणींच्या सवलतींविरुद्ध दाद मागितली, आणि २००७ च्या नोव्हेंबरात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला की, मोठ्या आणि दूरगामी परिणामांच्या प्रकल्पासाठी नुसता सल्ला पुरेसा नाही. मुक्त, पूर्व आणि सर्व माहितीनिशी दिलेली संमती हवी. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. नेदरलँड्स आणि भारत या दोघांनीही त्याच्या बाजूने मत दिले. कॅनडाने त्या वेळी विरोधात दिले आणि पुढे २०२१ मध्ये त्यासाठी कायदा केला. बाजूने मत देणाऱ्या भारताने मात्र असा कायदा केलेला नाही.

आम्ही विकासाचे विरोधक नाही. उद्योगधंद्यांची वाढ हाच शेतीवरील भाराचा उपाय आहे, असे बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लिहिले आणि मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला. कोनसरीच्या कारखान्यात आपल्याही नात्यागोत्यातील तरुणांना काम मिळावे, हे आम्हांसही वाटते. नळामुळे रस्त्यावरचे अवजड ट्रक कमी होतील, अपघात आणि धूळ कमी होईल, हा लाभही खरा आहे. कंपनीने कामगारांना समभाग दिले, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु लाभ देणे हा विचारण्याला पर्याय नव्हे. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला कोणी घरपोच आणून दिले असते, तर महाडचा सत्याग्रह अनावश्यक ठरला असता काय? २० मार्च १९२७ रोजी आपण पाण्यासाठी गेलो नव्हतो. समान माणूस म्हणून मोजले जाण्यासाठी गेलो होतो. माडिया माणूसही आज तेवढेच मागत आहे.

मग सातासमुद्रापलीकडे बसून आपण काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. पहिली, २६ नोव्हेंबरच्या कार्यक्रमात संविधानाच्या उद्देशिकेबरोबर पाचव्या अनुसूचीचे आणि पेसा कायद्याचे वाचन व्हावे व ते आपल्या मुलांना त्यांच्या डच भाषेतही समजावून सांगावे. दुसरी, आपल्या पगारातून निवृत्तिवेतन निधीत दरमहा रक्कम जाते. ती कोणत्या खाणींत आणि वाहिन्यांत गुंतविली जाते, हे विचारण्याचा मार्ग सभासदांना मोकळा आहे. आपल्यापैकी अनेकजण अभियंते आहेत, बँकांत आहेत. आपल्या टेबलावर नकाशा येतो, तेव्हा त्यावरील माणसांना कोणी विचारले आहे काय, हा प्रश्न आपणच करावा. तिसरी, गडचिरोली-चंद्रपुरातील आदिवासी आणि बौद्ध मुलामुलींना कायद्याच्या शिक्षणासाठी आपल्या संस्थेने दर वर्षी साहाय्य करावे, म्हणजे उद्या त्या सभागृहात त्यांचीच भाषा जाणणारा, कायदा जाणणारा कोणी उभा राहील.

मात्र हा आमचा निर्णय नव्हे. विचारण्याविषयी एवढे लिहून आपल्यावर ठराव लादणे आम्हांस शोभणार नाही. ही आमची ञत्ती आहे. येत्या वार्षिक सभेत ती तीन वेळा मांडली जाईल. ज्यांना मान्य नसेल, त्यांनी निःसंकोच बोलावे. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी आपला छंद पत्राने कळवावा. आणि ज्यांना मान्य असेल, त्यांनी मौन न राहता हात वर करावा, कारण आपल्या लोकांचे मौन शतकानुशतके पुरेसे झाले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!

— संपादक मंडळ, आर्नहेम